उणे वीस डिग्रीत एसीसारख्या मशीनवर अख्खं घर गरम राहतं का?

कॉलेजरोडची_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न नाशिकचा नाही, पण पडलाय नाशिकमध्ये.

माझी लेक आणि जावई कॅनडात ओटावाला असतात. यंदा त्यांनी घर घेतलं. जुनं, दुमजली, खाली तळघर. तळघरात गॅसवर चालणारी भट्टी आहे, फर्नेस म्हणतात ती. तिच्यातून गरम हवा पत्र्याच्या नळांनी सगळ्या खोल्यांत जाते. भट्टी आता थकलीय आणि कंत्राटदार म्हणतो, नवी भट्टी घेण्यापेक्षा हीट पंप बसवा. जावई फोनवर म्हणाला, "आई, आपला एसी उलटा चालवल्यासारखं समजा. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणायची."

आता मला सांगा, तिकडे जानेवारीत रात्री उणे वीस, एखाद्या रात्री उणे पंचवीस. त्या हवेत ऊब असेल तर ओढतील ना! मला गंगापूर रोडला सकाळी फिरायला जाताना नऊ डिग्रीत दोन स्वेटर लागतात.

काळजीचं कारण असं की लेकीचं बाळंतपण जानेवारीतच आहे. मी आणि हे डिसेंबरात जातोय. बाळाला अंघोळ घालायची, तेल लावायचं, आणि खोलीत गारठा? तिच्या शेजारणीने तर सांगून टाकलंय की हीट पंप तिथल्या थंडीत चालत नाही, त्यांच्या ओळखीत कुणीतरी बसवून काढूनही टाकला. जावई म्हणतो, ते जुन्या काळातलं.

खरं काय? नुसतं "हो, चालतं" नको, का चालतं ते सांगा. बँकेत हिशेब तपासण्यात नोकरी गेलीय, आकड्यांना भीत नाही.

निफाडचा_बागायतदार

ताई, शेजारीण बरोबर बोलतेय. माझ्याकडे हॉट अँड कोल्ड एसी आहे. थंडीत उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम जास्तीचे पैसे मोजून घेतला. निफाडला पारा चार-पाचवर आला की आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे पाणी सोडतो, मणी तडकू नयेत म्हणून. बरोबर त्याच पहाटे हा एसी रुसतो. थोडा वेळ कोमट हवा देतो, मग पंखा बंद करून गप्प बसतो, मग पुन्हा कोमट. चार डिग्रीला ही गत, तर उणे वीसला काय दिवे लावणार? भट्टीच घ्या म्हणावं.

पिंपळगावचा_मशीनवाला

ताई, मी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजची मशीनं सांभाळतो. घरोघरी हीट पंप बसवणं हा माझा धंदा नव्हे, पण पत्र्याच्या आतलं काम तेच आहे. त्यामुळे लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी तुमचा तो "ऊब असेल तर" हा मुद्दा. सीझनला कधी आमच्याकडे चक्कर मारा. बागेतून आलेला माल प्रीकूलिंगमध्ये गार करतो आणि मग शून्य डिग्रीच्या खोलीत पेट्यांच्या थप्प्या लावतो. त्या खोलीतली हवा शून्यावर आहे, तरी आतली कॉइल तिच्यातून रात्रंदिवस उष्णता ओढत असते आणि बाहेर कंडेन्सरवर, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या कॉइलवर, नेऊन टाकत असते. कंडेन्सरच्या पंख्यासमोर उभ्या राहिलात तर तोंडावर गरम झोत बसेल. त्यातली थोडी उष्णता कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची, बाकी सगळी त्या शून्य डिग्रीच्या खोलीतून आणलेली. मटार आणि मक्याचे दाणे गोठवणारे हेच काम उणे तीसच्या हवेवर करतात. तुमच्या लेकीच्या बाबतीत खोली म्हणजे अख्खं ओटावा आणि कंडेन्सर घरात, इतकाच फरक.

गार लागतं म्हणजे उष्णता संपली असं नाही. ती खरोखर संपते उणे २७३ ला. तिथून मोजलं तर शून्य डिग्री म्हणजे २७३ आणि उणे वीस म्हणजे २५३. फरक सात टक्क्यांचा.

ओढायची कशी, तर मशीनमधला गॅस बाहेरच्या हवेपेक्षाही गार राहून उकळला पाहिजे. उकळताना तो हवेतली उष्णता पितो, मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवतो आणि घरातल्या कॉइलमध्ये तिचं पुन्हा पाणी होताना ती उष्णता सुटते. घरगुती मशीनमध्ये बरीच वर्षं चाललेला आर-४१०ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे ५१ ला उकळतो, आर-३२ उणे ५२ ला, आणि युरोपात हल्ली वाढत चाललेला आर-२९०, म्हणजे आपला प्रोपेन, उणे ४२ ला. म्हणजे बाहेर उणे वीस असताना कॉइल उणे अठ्ठावीसला ठेवली तरी हे गॅस आरामात उकळतात. फ्रिजमध्ये वर्षानुवर्षं वापरलेला आर-१३४ए मात्र उणे २६ ला उकळतो, त्याला तिथे नेलं तर दम लागेल.

इथपर्यंत सगळं गोड. आता अडचण ऐका, कारण शेजारीणबाईही खोटं बोलत नाहीत.

थंडी वाढते तशी त्या गॅसची वाफ विरळ होते. कॉम्प्रेसर एका फेऱ्यात जेवढा माल ओढायचा त्यापेक्षा कमी ओढतो. क्षमता घटते, आणि घटते कधी, तर घराला सगळ्यात जास्त ऊब हवी असते तेव्हा. शिवाय बाहेरच्या गार कॉइलमधला दाब आणि घरातल्या गरम कॉइलमधला दाब यांतलं अंतर वाढतं, कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा गॅस भयंकर तापतो, तेल खराब व्हायची भीती. जुनी, एकाच वेगाने फिरणारी मशीनं इथेच मान टाकायची. कुणी बसवून काढून टाकला असेल तर त्यात नवल नाही.

नव्या, खास थंड प्रदेशासाठी केलेल्या मशीनमध्ये दोन गोष्टी बदलल्या. एक इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, जो थंडी वाढली की जास्त वेगाने फिरतो. दुसरी व्हेपर इंजेक्शन: दाबण्याचं काम अर्ध्यावर आलं की मधल्या दाबाची थोडी गार वाफ कॉम्प्रेसरच्या पोटात सोडायची. आतला गॅस फार तापत नाही आणि कंडेन्सरकडे जाणारा मालही वाढतो. म्हणून आज अशी मॉडेलं मिळतात जी उणे १५ ला लेबलावरची पूर्ण क्षमता देतात आणि उणे २५ च्याही खाली चालू राहतात.

आता तुमचे आकडे. एक युनिट वीज खाऊन किती युनिट उष्णता घरात आली, त्याला सीओपी म्हणतात. साध्या हीटरचा सीओपी १, त्याच्या वर तो जाऊच शकत नाही. बऱ्या हीट पंपाचा बाहेर ८ डिग्री असताना साडेतीन-चार, शून्याला तीनच्या आसपास, उणे १५ ला दोन-सव्वादोन, उणे २५ ला दीडपर्यंत उतरतो. म्हणजे सगळ्यात वाईट रात्रीसुद्धा तो साध्या हीटरपेक्षा सरस. आणि ओटावाची जानेवारीची सरासरी उणे दहाच्या आसपास असते. उणे पंचवीसच्या रात्री असतात, पण मोजक्या. बिल ठरतं ते बाकीच्या सगळ्या थंडीवर.

निफाडच्या भाऊंच्या एसीबद्दल. भाऊ, तुमचा एसी रुसत नाही, तो बर्फ झाडतोय. बाहेर चार डिग्री असले तरी आउटडोअरची कॉइल शून्याच्या खाली जाते. आणि तुमच्याकडे पहाटे दव, बागेला सोडलेलं पाणी, हवा ओलीचिंब. कॉइलवर आधी पांढरी पिठी दिसते, मग पाती भरत जातात, मग हवाच आरपार जात नाही. आमच्या शून्य डिग्रीच्या खोलीत मी हेच बघत असतो. मशीनला मग उलटं फिरून गरम गॅस त्या कॉइलमध्ये सोडावा लागतो. तेवढा वेळ आतला पंखा बंद, बाहेरचा पंखाही बंद, बर्फ वितळून पाणी टपटप खाली आणि कॉइलमधून वाफेचे लोट. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं मशीन पेटलं. पाणी गळून गेलं की व्हॉल्व्ह फस्स करून फिरतो आणि पुन्हा गरम हवा. तुमचा एसी मुळात उन्हाळ्याच्या हिशेबाने केलेला, गरम करायची सोय वरून जोडलेली. त्याच्याकडून ओटावाचा अंदाज बांधू नका.

गंमत म्हणजे उणे वीसला हा त्रास कमी होतो. शून्य डिग्रीच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त पाचेक ग्रॅम पाणी मावतं, उणे वीसच्या हवेत जेमतेम एक. बर्फ धरायला ओल तर पाहिजे! डिफ्रॉस्टचा, म्हणजे हा बर्फ झाडण्याचा, खरा त्रास शून्याच्या आसपासच्या ओल्या दिवसांत.

ओस्लोतला_पंचवटीकर

वरचं सगळं बरोबर. मी राहतो तिथलं सांगतो.

नॉर्वेत दर शंभरातल्या साठेक घरांत हीट पंप आहे. स्वीडन, फिनलंडमध्ये चाळीसच्या पुढे. युरोपातले सगळ्यात गार देश, आणि हीट पंप सगळ्यात जास्त तिथेच. २०२० पासून नॉर्वेत घर तापवायला खनिज तेल जाळायला बंदीच आहे. वीज बहुतेक सगळी धरणांची.

आमच्या घरी दिवाणखान्यात भिंतीवर एक युनिट आहे, दिसायला थेट आपला स्प्लिट एसी. आई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, अरे बर्फात एसी कशाला लावलास! उणे पंधराला आम्ही घरात टी-शर्टवर असतो. पण दोन गोष्टी मोकळेपणाने सांगतो. एक, एकाच युनिटची हवा दारं बंद असलेल्या खोल्यांत पोचत नाही, तिथे भिंतीवरचे छोटे विजेचे हीटर लावतो. ताईंच्या लेकीकडे पत्र्याचे नळ आहेत, म्हणजे ती अडचण त्यांना येणार नाही. दुसरी, इथे बहुतेक घरांत लाकडाची शेगडीही असते. फारच गार पडलं की आम्हीही पेटवतो. यात हीट पंपाची हार वगैरे काही नाही, इथे तशीच पद्धत आहे.

आउटडोअर युनिट जमिनीवर टेकवू देऊ नका. बर्फ साचेल त्याच्या वर स्टँडवर हवं, आणि छपरावरून घसरणारा बर्फ त्यावर पडणार नाही अशा जागी. डिफ्रॉस्टचं पाणी पायवाटेवर गेलं तर रात्रीत काच होते. आमच्या शेजारी त्यावरून एक पोस्टमन आडवा झालाय. बाळंतिणीच्या घरी हे आधी बघा.

कॉलेजरोडची_आई

बापरे, इतकं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. पिंपळगावचे दादा, तुमची पोस्ट यांना मोठ्याने वाचून दाखवली. हे म्हणाले, "म्हणजे आपली लेक कोल्ड स्टोरेजच्या कंडेन्सरवर राहणार." असो.

आता पुढचे प्रश्न. गॅस तिथे स्वस्त आहे असं जावई म्हणतो. मग सीओपी दोन असून पैसे वाचतात का? लाइट गेली तर काय? आणि शेजारीण अजून एक म्हणाली की हीट पंपाची हवा "गरम लागतच नाही". आणि किती टनाचा घ्यावा? कंत्राटदार तीन टन म्हणतो.

पिंपळगावचा_मशीनवाला

शेवटून सुरू करतो, कारण घोळ तिथेच होतो.

तीन टन हा आकडा मुळात उन्हाळ्यात गार करण्याच्या क्षमतेचा असतो, आणि गरम करण्याची क्षमता लेबलावर छापतात ती बाहेर ८ डिग्री असतानाची. जावईबापूंनी विचारायचं ते हे: हेच मशीन उणे १५ ला किती देतं आणि उणे २५ ला किती? कंपनीच्या तक्त्यात ते असतं. साधं मॉडेल उणे १५ ला निम्म्या-साठ टक्क्यांवर येऊ शकतं, थंडीचं मॉडेल लेबलाच्या जवळ टिकतं. दोघांचं नाव "तीन टन"च. अमेरिकेत नीप नावाची संस्था थंड हवेच्या हीट पंपांची यादी ठेवते, त्यात शिरायला उणे १५ ला सीओपी किमान १.७५ लागतो. कॅनडातले लोकही ती बघतात. मॉडेल त्यात आहे का, एवढं तपासलं तरी निम्मं काम झालं.

दुसऱ्या बाजूला घर किती उष्णता गळतं ते मोजायला हवं. अंदाजाने नाही. तिकडे एनरगाइड नावाची घरतपासणी असते, त्यात दाराला पंखा लावून घरातली हवा ओढतात आणि फटी कुठे आहेत ते काढतात. जुनं घर आहे, माळ्यावर इन्सुलेशन कमी असणार. आधी ते भरा, फटी बुजवा, मग मशीनचा आकार ठरवा. आमच्याकडेही गार खोलीच्या भिंतीच्या पॅनेलचा सांधा उघडा असेल तर मी नवा कॉम्प्रेसर मागत नाही, आधी सांधा भरतो. उगाच मोठं मशीनही नको. सौम्य दिवशी ते सारखं चालू-बंद होत बसेल आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य खाईल.

हवा गरम लागत नाही, हे खरं आहे. भट्टीची हवा पन्नास-साठ डिग्रीने येते, हीट पंपाची पस्तीस-चाळीसने. हात धरला तर कोमट लागते, कारण आपलं अंग सदतीसचं. पण भट्टी भसकन तापवून बंद होते, हा सतत हळूहळू देत राहतो. खोलीतला पारा बघा, हात धरून बघू नका. म्हणून रात्री थर्मोस्टॅट फार खाली आणून सकाळी एकदम चढवायची सवय इथे चालत नाही. एका आकड्यावर ठेवा आणि हात लावू नका. बाळ असलेल्या घराला ते बरंच. अंघोळीच्या खोलीत मात्र एक छोटा विजेचा हीटर वेगळा ठेवा, अर्ध्या तासासाठी.

गॅसचा हिशेब तुम्ही स्वतः करा, सोपा आहे. एक घनमीटर गॅस चांगल्या भट्टीत जाळला की साधारण दहा युनिट उष्णता मिळते. गॅसच्या बिलातला घनमीटरचा दर, सगळे आकार धरून, भागिले दहा. विजेचा दर भागिले सीओपी. जो आकडा लहान, ते स्वस्त. उणे पाचला हीट पंप जिंकेल आणि उणे वीसला गॅस, असंही निघू शकतं. ओटावा ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत रात्री अकरा ते सकाळी सात वीज फार स्वस्त देणारी एक योजना निवडता येते, ती धरून वेगळा हिशेब मांडा. पैसे निर्विवाद वाचतात ते आधी साध्या विजेच्या हीटरवर किंवा तेलावर असलेल्या घरांचे. गॅसवाल्या घराला कुणी "बिल निम्मं होईल" म्हणालं तर त्याला कागदावर लिहून मागा.

लाइट गेली तर हीट पंप बंद. पण भट्टीही बंदच, तिचा पंखा विजेवरच असतो. जानेवारी १९९८ मध्ये त्या भागात बर्फाच्या पावसाने तारा तुटल्या तेव्हा गॅसवालेही गारठलेच होते. त्यासाठी वेगळी तजवीज, ती कुठल्याही मशीनला लागते.

माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवा. नळ एकच, त्यावर हीट पंप आणि मागे गॅसची भट्टी. ठरावीक तापमानाच्या खाली थर्मोस्टॅट आपोआप भट्टीवर जातो. ते तापमान कंत्राटदाराला आपल्या सोयीने लावू देऊ नका. काही जण शून्यालाच बदल लावून मोकळे होतात, मग महागाचा हीट पंप अख्खा हिवाळा शोभेला. तुमच्या भागाकाराने जिथे आकडे बरोबरीला येतात, तिथे लावा.

कॉलेजरोडची_आई

काल रात्री फोनवर तासभर झाला. यांनी भागाकार केला, मी तपासला. त्यांच्या दराने बरोबरी उणे दहा-बाराच्या आसपास येते, रात्रीच्या स्वस्त विजेवर आणखी खाली. जावयाने कंत्राटदाराला उणे १५ चा आकडा विचारला तर तो म्हणाला, "बघून सांगतो." मग जे मॉडेल सांगितलं ते पहिल्यापेक्षा वेगळंच निघालं! किंमतही वेगळी. आता दुसऱ्या एकाकडून कोटेशन मागवलंय. माळ्याचं काम आधी करून घेणार. भट्टी तूर्त नवी छोटी घालून मागे ठेवायची असं ठरतंय. स्टँडचं आणि पाणी कुठे जाणार त्याचं लेकीने स्वतः लिहून घेतलं.

निफाडचा_बागायतदार

मशीनवाले दादा, मग माझ्या एसीचं काय करू तेवढं सांगा.

पिंपळगावचा_मशीनवाला

आउटडोअरची कॉइल धुऊन घ्या आणि मागची भिंत किती जवळ आहे ते बघा, हवा यायला जागा हवी. डिफ्रॉस्टला हात लावू नका, तो त्याचं काम करतोय. आणि पहाटे बागेला पाणी सोडता तेव्हा तुषार युनिटच्या अंगावर उडत असतील तर आधी ते थांबवा. फोटो टाका, बघून सांगतो.